निळ्या फुलीची खुर्ची

आमच्या गल्लीतल्या सुतारांना सगळे पाचरमामा म्हणतात. त्याची दोन कारणं सांगितली जातात. बाकीचे सुतार कानामागे पेन्सिल ठेवतात, तिथे मामा लाकडाची पाचर ठेवतात, हे पहिलं. दुसरं म्हणजे रस्त्यात दोन माणसं बोलत उभी असली की मामा त्यांच्या मधोमध असे घुसतात की त्या दोघांना एकमेकांचं तोंड दिसेनासं होतं. मग विषय कुठलाही चाललेला असो, दोन मिनिटांत तो खुर्चीवर येतो. लग्न ठरतंय म्हणा, मामा विचारणार, मुलाकडे बसायला काय आहे. कुणाची पाठ दुखतेय म्हणा, मामा डॉक्टरच्या आधी त्याच्या खुर्चीची चौकशी करणार. निवडणुकीच्या गप्पांमध्ये तर त्यांना काही करावंच लागत नाही.

मामा फक्त खुर्च्या करतात. कपाट करायला सांगितलं तर त्यांचं तोंड शिकरण मागितल्यावर कारलं वाढल्यासारखं होतं. चाळीस वर्षांत आपली एकही खुर्ची परत आली नाही, हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी बोलतात. ऐकायला कुणी नसेल तर मामींना ऐकवतात. मामी पोळी लाटता लाटता मान हलवतात आणि पुढची लाटायला घेतात.

खुर्ची करायची त्यांची एक पद्धत आहे. आधी ती कोरडी जोडायची. पाय, पाठ, आडव्या पट्ट्या सगळं आपापल्या खाचेत नुसतं ठोकून बसवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी खुर्ची सरळ उभी दिसली की परत सुटी करायची, प्रत्येक सांध्याला गरम सरस लावायचा आणि मग ती कायमची जोडायची. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेला गोंद. तो चुलीवर चढला की आमच्या गल्लीतली मांजरंसुद्धा दुसऱ्या गल्लीत पाहुणी जातात. आता कोरडी खुर्ची आणि सरस लावलेली खुर्ची या दिसायला जुळ्या बहिणी. गल्लत होऊ नये म्हणून कोरड्या खुर्चीच्या बैठकीखाली निळ्या खडूची फुली मारायची. सरस लागला की ती फुली आपला अंगठा ओला करून आपणच पुसायची. फडक्याने पुसायची नाही. मामांच्या वस्तादांनी हा नियम घालून दिला होता. फडकं कोण कधी उचलेल सांगता येत नाही, असं ते म्हणत.

तर या मामांना यंदा आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. शहराच्या श्रीमंत भागात एक टॅव्हर्न आहे. टॅव्हर्न म्हणजे जिथे जेवण मिळतं आणि पेलाही मिळतो, पण दोन्हींसाठी गळ्यात टाय लागतो, अशी जागा. तिथल्या मालकीणबाईंना चोवीस खुर्च्या हव्या होत्या. बाई मोजकं बोलणाऱ्या. त्या कारखान्याच्या खुर्च्या घेणार होत्या, पण कुणाच्या तरी घरी मामांच्या खुर्चीत अर्धा तास बसल्या आणि त्यांचा विचार फिरला. काम देताना मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की माझ्याकडची माणसं निवांत बसायला येतात, एक जरी खुर्ची डगमगली तर चोवीसच्या चोवीस परत येतील. आणि खुर्च्या नीट टिकल्या तर पुढचं सगळं काम, म्हणजे टेबलं आणि तो लांबलचक लाकडी काउंटर, तुमच्याकडेच. मामा चक्क काउंटर करायला तयार झाले, यावरून ते काम त्यांना किती हवं होतं ते समजावं.

खुर्च्या गेल्या. बारा दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता.

तेराव्या दिवशी सकाळी मामी खिडकीच्या चौकटीला तेल लावत होत्या. मामा समोर चहा पीत होते. मामींच्या हातातल्या फडक्याची घडी उलटली आणि मामांचा पेला ओठापाशीच थांबला. फडक्यावर निळा डाग होता. वीतभर लांब, फिकट, पण निळा.

हे फडकं कशाकशाला वापरलंस, असं मामांनी विचारलं. मामी म्हणाल्या, अहो कशाला म्हणजे, तुमच्या खुर्च्या गेल्या त्या सकाळी शेवटचा तेलाचा हात मारला होता ना, तेच हे. खालूनसुद्धा पुसल्या. मोठ्या लोकांचं काय सांगावं, उलट्या करून बघतात.

मामांनी पेला खाली ठेवला. ज्या खुर्च्यांना सरस लागला होता त्यांच्या फुल्या त्यांनी अंगठ्याने आधीच पुसलेल्या होत्या. मग फडक्याला निळं लागलं कुठून? एका खुर्चीखाली फुली शिल्लक होती, म्हणून लागलं. म्हणजे एक खुर्ची कोरडी होती. मामींनी ती तेल लावून चकाचक केली होती आणि ट्रकने ती नेली होती.

सगळं समजल्यावर मामींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. हे त्या घरात वर्षातून एकदाच घडतं. मग त्या हळूच म्हणाल्या, फोन करून सांगून टाका.

"काय सांगू?" मामा म्हणाले. "की तुमच्या चोविसातली एक खुर्ची मोडणार आहे, आणि कुठली ते मलाही ठाऊक नाही?"

कोरडी खुर्ची लगेच मोडत नाही, हीच तर भीती. घट्ट बसवलेली असली तर दहा-पंधरा दिवस बेमालूम उभी राहते. मग लाकूड सुकतं, खाच सैल होते, आणि एक दिवस बसणारा मागे रेलतो तेव्हा पाय निघून येतो. मागे पडणारा माणूस हात टेकू शकत नाही. डोकं आधी जातं. मामांनी हे एकदा पाहिलं होतं, उमेदवारीच्या दिवसांत, दुसऱ्या एका सुताराच्या खुर्चीबाबत. त्या सुताराने नंतर दुकान बंद केलं. त्याला कुणी बंद करायला लावलं नव्हतं.

मामा तडक टॅव्हर्नवर गेले. दारावरच्या माणसाने सांगितलं की दिवसा आत सफाई चालते, कारागिरांनी सोमवारी मागच्या दाराने यायचं, तेही बाईंची चिठ्ठी घेऊन. तो वार गुरुवार होता. सोमवारपर्यंत चार संध्याकाळी त्या खुर्चीवर कोण कोण बसेल याचा हिशोब मामांनी रस्त्यातच केला आणि घरी येऊन टॅव्हर्नला फोन लावला. संध्याकाळी सातचं टेबल हवंय. किती जण, असं पलीकडून विचारलं. एक, मामा म्हणाले. एकटे, असं पलीकडच्याने पुन्हा विचारलं, आणि त्या एका शब्दात इतकी कणव होती की मामांना उगाचच आपल्याला कुणी नाही असं वाटून गेलं.

बेत सरळ होता. सरस लावलेल्या सांध्यातून थोडा सरस बाहेर येतो आणि बैठकीखाली, आतल्या कोपऱ्यात, त्याची बारीक खडबडीत रेघ वाळते. अंगठा फिरवला की कळतं. कोरड्या खुर्चीला ती रेघ नसणार. गिऱ्हाईक बनून जायचं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं अंगठे फिरवायचे, खुर्ची सापडली की तिच्यावर आपणच ठाण मांडायचं, आणि टेबलावरच्या कापडाआड पायांच्या सांध्यांत सरस सोडून द्यायचा. बाईंना कळायचं कारणच नाही. मामींचं मत पडलं की सांगून टाकणं सोपं आहे. मामांचं मत पडलं की मामींनी यात बोलू नये. दोघांनाही एकमेकांचं पटत होतं, म्हणून दोघंही चिडले होते.

साडेसहाला मामा निघाले तेव्हा गल्ली गॅलरीत उभी होती. अंगात जावयाचा कोट होता. जावई उंच आणि किडकिडीत, मामा बुटके आणि रुंद, त्यामुळे बाह्यांमधून फक्त बोटांची टोकं दिसत होती आणि पोटावरचं बटण जीव मुठीत धरून बसलं होतं. टायही जावयाचाच. कोटाच्या आतल्या खिशात मामींचा छोटा थर्मास, आणि थर्मासमध्ये गरम सरस.

आत शिरल्या शिरल्या अडचण झाली. तिथला वेटर साठीचा, पांढरे हातमोजे घातलेला, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकासारखा. कोट काढून घ्यायला तो पुढे झाला आणि थर्मासचं टोक त्याला दिसलं. बाहेरचं पेय आणता येत नाही, असं त्याने फार मऊ आवाजात सांगितलं. मामा म्हणाले, औषध आहे. वेटरला वास आला असावा, कारण त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. फक्त डोळ्यांत एक दुःख आणलं आणि मामांना दोन खुर्च्यांच्या टेबलापाशी नेलं.

दिवे पिवळे आणि मंद. भिंतीत एक शेकोटी जळत होती, तिच्याशेजारीही एक टेबल मांडलं होतं. अर्ध्याहून जास्त खुर्च्यांवर माणसं होती. आपल्या खुर्च्यांवर माणसं बसलेली पाहणं हा मामांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद. ती माणसं पाय कसे ठेवतात, कोपर कुठे टेकतात, ते तासन्‌तास बघू शकतात. आज मात्र ते प्रत्येक हालचाल मोजत होते. कुणी हसून मागे रेललं की मामांचा श्वास थांबायचा, पुढे झुकलं की सुटायचा.

बसल्या बसल्या त्यांनी हात खाली घातला. अंगठ्याला रेघ लागली. समोरच्या रिकाम्या खुर्चीखाली रुमाल पाडला, वाकले, तिथेही रेघ होती. वेटर नवा रुमाल घेऊन आला आणि त्याने दुसरी खुर्ची उचलू का असं विचारलं. तपासलेली खुर्ची पुढे कुठे मिसळली ते मामांना कळलं नसतं, म्हणून ते घाईने म्हणाले की राहू द्या, पाहुणे यायचे आहेत.

इथे चूक झाली. पुढचा अर्धा तास मामांनी तीन वेळा टेबल बदललं. एकदा वारा लागतो म्हणून, एकदा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून, एकदा काहीच कारण न सुचल्याने. प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या धरून पाच-पाच खुर्च्यांवर अंगठा फिरला, प्रत्येक ठिकाणी रुमाल पडला. बाकी सगळ्या जगाला मात्र एवढंच दिसत होतं की दुसऱ्याचा कोट घालून आलेला एक प्रौढ गृहस्थ कुणाची तरी वाट बघतो आहे, दर पाच मिनिटांनी दाराकडून अधिक चांगला दिसेल असा कोपरा शोधतो आहे, आणि घामाघूम झाला आहे. पाचवा रुमाल आणताना वेटरने जरा खाली वाकून बोलायचं धाडस केलं.

"साहेब, मी बत्तीस वर्षं इथे आहे. जे येत नाहीत ते आपल्या लायकीचे नसतात. सूप घ्या. एकट्यानेही चांगलं लागतं."

मामा सूप आणा म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे पाहू लागले. कारण तिथे संकट बसलं होतं.

ते एक भले मोठे गृहस्थ होते. मामांचं म्हणणं, खुर्चीवाला माणसाचं वजन डोळ्यांनी करतो, आणि हे वजन डोळ्यांत मावत नव्हतं. त्यात गृहस्थ बोलघेवडे. बायकोला काहीतरी सांगत होते आणि गोष्टीत रंग भरला की खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत होते. पुढे, मागे. पुढे, मागे. मामांच्या हातातला चमचा त्याच तालात वरखाली होऊ लागला. सूप आलं ते निवलं. आतापर्यंत सतरा खुर्च्या पाहून झाल्या होत्या. उरलेल्या सातांत ही होती.

गृहस्थ पुन्हा मागे झुकले आणि तिथेच राहिले. खुर्चीचे पुढचे पाय हवेत. मामांनी कोटाच्या बटणावर हात ठेवला. ते बिचारं वाटच पाहत होतं. तुटलं, फरशीवर टणटण करत गेलं आणि मामा त्याच्यामागे गुडघ्यांवर निघाले. गृहस्थांच्या खुर्चीखाली त्यांचा हात गेला. एक कोपरा, रेघ. दुसरा कोपरा, रेघ. तिसरा, चौथा. पक्की खुर्ची. तिच्यावर हत्ती झुलवला असता तरी चाललं असतं, आणि जवळजवळ तेच चाललं होतं.

मामा उठले. बटण शोधणाऱ्या माणसाकडे गृहस्थांनी प्रेमाने पाहिलं आणि गोष्ट पुढे चालू केली.

आणि तेव्हा मागून आवाज आला. कुईं.

एवढासा. शेजारच्या टेबलावर कुणालाही तो ऐकू आला नाही. सरस लावलेली खुर्ची ठक असं बोलते. लाकूड लाकडावर घासल्याचा हा आवाज फक्त कोरड्या सांध्याचा. मामा वळले. आवाज शेकोटीजवळच्या टेबलाकडून आला होता, आणि त्यांनी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. ऊब जिथे जास्त, तिथे लाकूड आधी सुकणार. पहिली खुर्ची तीच पाहायला हवी होती.

त्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. दिवस भरत आलेली. तिची आई समोर बसून तिच्या पावाला लोणी लावत होती. मुलीची कंबर अवघडली असावी, तिने एक हात पाठीमागे घेतला आणि रेलून जरा आराम मिळतो का पाहिलं. कुईं. जागा बरी वाटेना, म्हणून पुन्हा सरळ झाली.

मामा तिकडे निघणार तोच मालकीणबाई समोर उभ्या राहिल्या. त्या थोडा वेळ टायकडे बघत राहिल्या, मग त्यांना ओळख पटली.

"तुम्ही खुर्च्यावाले ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं भेटलात. उद्या फोन करणारच होते. काउंटर तुम्हीच करा, माझं ठरलंय. बारा दिवसांत एक तक्रार नाही."

मामा पुढे अनेकदा सांगत, त्या क्षणी माझ्या डोक्यात किती गोष्टी येऊन गेल्या. मुलगी अजून सूपवर आहे. ती उठली की आपण तिथे जाऊन बसू. फक्त अर्धा तास. अर्धा तास ती मागे रेलली नाही म्हणजे झालं. बाई निघून जातील, सरस लावून टाकू, कुणाला कळणार नाही. बायकोलाही सांगता येईल, बघ, निस्तरलं की नाही. काउंटर आपला. चाळीस वर्षं आपली.

मुलीने दुसराही हात पाठीमागे घेतला.

"बाई, थांबा," मामा म्हणाले, आणि बाईंना तशाच उभ्या सोडून तीन ढांगांत शेकोटीपाशी गेले. मुलीच्या मागे गुडघे टेकले, दोन्ही हातांनी खुर्चीचा मागचा डावा पाय आणि बैठक एकत्र धरली. हातात पाय फिरला. एवढंच त्यांना समजायचं होतं.

"बाळ, हलू नकोस. मागे रेलू नकोस. मी धरलंय."

मुलगी थिजली. आई अर्धवट उठली, हातात लोण्याची सुरी तशीच. मामांनी सांगितलं की आईचा हात धर, पुढे झुक आणि सरळ वर ऊठ, घाई नको. मुलगी सावकाश उठली. तिची आई तिला दोन पावलं बाजूला घेऊन गेली. मामांनी हात काढले.

पाय निघाला आणि फरशीवर आडवा पडला. खुर्ची तीन पायांवर क्षणभर विचार करत राहिली, मग शेकोटीकडे तोंड करून कलंडली. सगळ्या माना तिकडे वळल्या. झुलणारे गृहस्थही चारी पायांवर आले.

"कुणी केलीय ही असली खुर्ची?" मुलीच्या आईचा आवाज कापत होता.

"मी," मामा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सरस, फुली, सगळं. फडक्याबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फुली पुसायचं काम माझं आणि ती राहिली ती माझ्याकडून, एवढंच ते म्हणाले. मामींना ही गोष्ट दुसऱ्या दिवशी, तुटलेलं बटण द्यायला घरी आलेल्या वेटरकडून कळली आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या. भांडी आधीच घासलेली होती.

मालकीणबाईंनी विचारलं, बाकीच्या तेवीस? मामांनी सांगितलं की अठरा पाहून झाल्या, पाच राहिल्या. बाई काही बोलायच्या आत त्या पाच खुर्च्यांवरची माणसं आपणहून उभी राहिली. मामा प्रत्येकीसमोर वाकून चारही कोपऱ्यांवर अंगठा फिरवत गेले, आणि मागे हातमोजेवाला वेटर, हातात रुमालांची चळत घेऊन, जसं काही डॉक्टर रोगी तपासतो आहे आणि हा कंपाउंडर. पाचही पक्क्या निघाल्या. मोठे गृहस्थ तेवढ्यात पुढे येऊन म्हणाले की माझी राहिली. मामा म्हणाले, तुमची मघाशीच पाहिली. गृहस्थांनी विचारलं, कधी? मामांनी सांगितलं, बटण पडलं तेव्हा. गृहस्थ पोट धरून हसले, आणि हसताना सवयीने खुर्चीत बसून मागे झुलले, आणि मग एकदम घाबरून सरळ झाले.

आता मोडलेली खुर्ची उरली. मामांनी कोट काढला, शेकोटीसमोर फरशीवर मांडी घातली आणि थर्मास उघडला. वासाने जवळचे दोघं मागे सरकले. वेटरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं, हे औषध माणसासाठी नव्हतं म्हणून. मामांनी उरलेले पायही ओढून काढले, सगळे सांधे सरसाने भरले, खुर्ची जोडली. पण सरस वाळेपर्यंत चारही पाय आवळून धरायला हवेत, आणि दुकानातले शिकंजे दुकानात. दोरी आणायची राहून गेली होती. मामांनी गळ्यातला टाय काढला आणि पायांभोवती फिरवला. वीतभर कमी पडला.

मोठे गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी आपला टाय काढून दिला. तो त्यांच्या मापाचा, म्हणजे लांबीला उदार. दोन्ही टाय गाठ मारून चारी पायांभोवती गुंडाळले, मध्ये सूपचा चमचा अडकवला आणि मामा पीळ देत गेले. गाठी करकरल्या, पाय आत आले, प्रत्येक सांध्यातून सरसाचा बारीक थेंब बाहेर उभा राहिला. मामांनी तो बघितला आणि मग कुठे संध्याकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

मुलीच्या आईने तोपर्यंत मुलीला दुसऱ्या खुर्चीत बसवलं होतं आणि ती स्वतः त्या खुर्चीला मागून धरून उभी होती. मामांनी समोर जाऊन हात जोडले. आईने खुर्चीवरचा हात काढला नाही. मुलगी म्हणाली, "मामा, आता ही तरी बोलणार नाही ना?" यांना मामा म्हणतात हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. मामांनी खाली बसून त्या खुर्चीच्या चारही कोपऱ्यांवर पुन्हा अंगठा फिरवला आणि मान हलवली.

मालकीणबाई जुन्या काउंटरपाशी उभ्या होत्या. काउंटरचं उद्या बोलू, एवढंच त्या म्हणाल्या. मामांना जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचं ‘उद्या बोलू’ माहीत होतं. ते जावयाचा बिनबटणाचा कोट हातावर टाकून, टायशिवाय, घरी चालत आले. मामींनी दार उघडलं. सांगून टाकलं, मामा म्हणाले. मामींनी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच फोन आला. बाईंचा आवाज कोरडाच. खुर्ची वाळली असेल, त्या म्हणाल्या, पण माझ्या माणसांपैकी कुणीही तिच्यावर बसायला तयार नाही. सातला या आणि तुम्हीच बसून दाखवा. मामांनी मामींना चल म्हटलं. मामी म्हणाल्या की मी त्या खुर्चीसमोर येणार नाही, तुम्ही जा.

वेटरने शेकोटीजवळचं टेबल मांडलं होतं. खुर्ची तिथेच, दोन टाय आणि एक चमचा अंगावर घेऊन, एखाद्या पट्ट्या बांधलेल्या पेशंटसारखी. समोर एकच ताट. दुसरी खुर्ची मात्र तशीच होती, आणि वेटर तिच्यामागे घुटमळत होता. आज पाहुणे यायचे आहेत का, असं त्याने फार जपून विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. "आज एकटाच आहे."

त्यांनी चमचा उलटा फिरवला, पीळ सोडला. दोन्ही टाय सरसाने कडक झालेले, सुटल्यावरही खुर्चीच्या आकारात उभे राहिले. मामा बसले. सगळा भार टाकला. मग, आयुष्यात कुठल्याही सुताराने गिऱ्हाइकाला करू देऊ नये ते केलं. पुढचे पाय उचलले आणि मागे झुलले. पुढे, मागे. पुढे, मागे. खुर्ची काही बोलली नाही.

सूप आलं. ते गरम असतानाच मालकीणबाई येऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की काउंटरला ती निळी फुली कुठे मारता.

मामांनी चमचा खाली ठेवला. आतल्या बाजूला, ते म्हणाले, खालच्या फळीला.

"मग पुसायच्या आधी मला बोलवायचं," बाई म्हणाल्या. "आणि पुसताना अंगठा तुमचा असला तरी शेजारी मी उभी असणार."

मामांनी हो म्हटलं. बाई गेल्यावर त्यांनी पुन्हा हात खाली घातला आणि बैठकीखालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. रेघ होती. मग ते सूप पिऊ लागले.